शब्दचर्चा: फोटोला ‘धार’ लावायची की ‘उठाव’ द्यायचा?

आमचा छोटा गट गावोगावच्या वीरगळांचे (वीरांच्या स्मारकशिळांचे) आणि शिलालेखांचे फोटो काढतो. गटासाठी मी मराठीत चार पानांचं टिपण लिहितेय. फोटो कसा काढावा ते लिहून झालं, पण संगणकावर तो ‘शार्पन’ कसा करावा, म्हणजे त्याच्या कडा ठळक कशा कराव्यात, या पानावर अडले आहे. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, “फोटो स्पष्ट करण्यासाठी हे फिल्टर वापरावं.” ते वाचून गटातल्या एकांनी हललेला फोटो घेतला, फिल्टरचा काटा शेवटपर्यंत नेला आणि त्यावरून एक ओळ वाचली. नंतर दगडासमोर उभं राहून पाहिलं, तर त्यांनी वाचलेला अनुस्वार तिथे नव्हताच. अंधारातल्या फोटोत दिसते तशी रवाळ खरखर होती, फिल्टरने तिचाच टिंब केला. दोष त्यांचा नाही, माझ्या ‘स्पष्ट’ या शब्दाचा आहे. जे दिसत नाही ते दिसू लागेल, असं तो शब्द कबूल करतो.

मग काय म्हणावं? तीक्ष्ण करणे, धार लावणे, रेखीव करणे, उठाव देणे? की सरळ ‘शार्प करणे’?

प्रतिसाद

आधी उलट बाजूने पाहू या. फोटो बिघडला की आपण काय म्हणतो? ‘हलला’ म्हणजे हात किंवा माणूस हलला. ‘आउट गेला’ म्हणजे फोकस चुकला. ‘धूसर’ म्हणजे धूळ किंवा धुकं आड आल्यासारखा, काळं पुरेसं काळं नाही. ‘अंधुक’ म्हणजे उजेड कमी. ‘पुसट’ म्हणजे होतं ते झिजलं, फिकं झालं. ‘फाटला’ म्हणजे छोटा फोटो ओढून मोठा केला आणि चौकोन दिसू लागले. सहा वेगळे आजार आहेत आणि आपल्याकडे प्रत्येकाला नाव आहे. शार्पनिंग यांतल्या एकाही आजाराचं पूर्ण औषध नाही. फोकस बरोबर असलेला, पण कॅमेऱ्यातून जरा मऊ आलेला फोटो ही त्याची खरी जागा. ‘अस्पष्ट’ या एका शब्दात हे सगळं कोंबतो म्हणून ‘स्पष्ट करणे’ फसवं ठरतं.

प्रतिसाद

माझं मत ‘धार लावणे’ला. आमच्याकडे कोयता ‘पाजवतात’, विळीला धार ‘लावतात’. दोन्हींत पातं आधी असावं लागतं. पात्याशिवाय धार कशाला लावणार? तुमच्या हललेल्या फोटोत पातंच नव्हतं. शिवाय धार जास्त काढली की पातं पातळ होऊन त्याला खांडं पडतात, हेही लोकांना माहीत असतं. ‘तीक्ष्ण’ मला नजरेसाठी, बुद्धीसाठी आणि फार तर वासासाठी बरा वाटतो. ‘तीक्ष्णीकरण’ तर कुणाच्या तोंडी बसणार नाही.

प्रतिसाद

मी डार्करूममध्ये काम केलेला माणूस, त्यामुळे ‘अनशार्प मास्क’ या नावाबद्दल सांगतो. धार आणणाऱ्या फिल्टरच्या नावात ‘अनशार्प’ का, हे पुष्कळ जण विचारतात. निगेटिव्हवरून मुद्दाम अस्पष्ट अशी पॉझिटिव्ह काढायची. त्यासाठी दोघांमध्ये काचेची जाडी ठेवली जाई. मग ही अस्पष्ट पॉझिटिव्ह, म्हणजेच मास्क, मूळ निगेटिव्हला तंतोतंत जुळवून लावायची. निगेटिव्हमध्ये जिथे दाट, तिथे पॉझिटिव्ह विरळ, त्यामुळे मोठमोठे काळे-पांढरे पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक तपशील तेवढा उरतो, कारण तो अस्पष्ट प्रतीत नसतोच. मग कडक, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणाऱ्या, कागदावर छपाई केली की तो वर येतो. १९७०च्या दशकात आकाशाचे फोटो काढणारे डेव्हिड मालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आकाशाच्या फोटोंच्या काचपट्ट्यांसाठी हीच रीत वापरली आणि भगभगीत दिसणाऱ्या तेजोमेघांच्या आतली वीण दाखवली. अस्पष्ट होता तो मास्क, फोटो नव्हे. मराठीत ‘अस्पष्ट पडदा’ म्हटलं तर निदान नावाचं कोडं सुटतं.

मूळ लेखिका

फार मोलाचं सांगितलंत. संगणक हेच आकड्यांनी करतो. टिपणात मी असं उदाहरण घेतेय: अक्षराच्या खाचेतला काळा ठिपका ९०, शेजारचा उजळ दगड १६०. (मोजपट्टी ० म्हणजे काळं ते २५५ म्हणजे पांढरं.) अस्पष्ट प्रतीत कडेपाशी दोन्ही एकमेकांकडे सरकतात, समजा ११० आणि १४० होतात. मूळ आणि अस्पष्ट यांतला फरक, उणे २० आणि अधिक २०, मुळात मिळवला की ७० आणि १८० होतात. कडेवरचा ७० चा फरक ११० झाला. कडेपासून दूरच्या दगडाला काहीच झालं नाही. माहिती एका कणानेही वाढली नाही, फक्त काठावर काळं अधिक काळं आणि उजळ अधिक उजळ झालं.

हे लिहिताना शाळेतले चित्रकलेचे सर आठवले. “कडेशी सावली गडद कर, उठाव येईल,” असं ते म्हणायचे. तीच ही क्रिया. म्हणून माझं मन ‘उठाव देणे’कडे झुकतंय. फिल्टरच्या तीन काट्यांना मात्रा (फरक किती वाढवायचा), त्रिज्या (कडेपासून किती अंतरापर्यंत) आणि किमान फरक (याहून कमी फरक असेल तिथे काही करायचं नाही) अशी नावं योजली आहेत. ‘थ्रेशोल्ड’ला उंबरठा म्हणता येईल, पण ‘किमान फरक’ वाचून काय करायचं ते लगेच कळतं. हा आकडा ३-४ ठेवला की दगडाची खरखर तशीच राहते आणि खऱ्या कडा तेवढ्या बदलतात. मात्रा १०० टक्के आणि त्रिज्या १ पिक्सेल, इथून सुरुवात.

प्रतिसाद

त्रिज्या वाढवली की कडेला पांढरी किनार येते, तिला इंग्रजीतून आलेलं ‘हेलो’ म्हणू नका. चंद्राला खळं पडतं ना, तसं अक्षराला खळं पडतं. एकदा हा शब्द सांगितला की कुणीही फोटो बघून बोट ठेवील. शिलालेखात हे खळं धोक्याचं आहे, कारण ते छिन्नीने काढलेल्या काठासारखं दिसतं. शिरोरेघेवर तर दुसरी रेघ असल्याचा भास होतो. म्हणून फोटो पडद्यावर १०० टक्के आकारात ठेवूनच काटे हलवावेत.

प्रतिसाद

संगणकावर एका फोटोवर दुसरा ठेवतात त्या ‘लेयर’ला थर म्हणतात, मला ‘पदर’ आवडेल. थर जाड असतो, खालचं झाकतो. पोळीचे पदर मात्र पातळ, सुटे, एकावर एक. मी फोटोचा दुसरा पदर काढून त्यावर ‘हाय पास’ हे फिल्टर लावते, त्रिज्या २ पिक्सेल. सगळा फोटो राखाडी होतो, कडांच्या तेवढ्या रेघा राहतात. पिठाच्या चाळणीसारखंच आहे, बारीक ते खाली उतरलं, मोठे उतारचढाव वर राहिले. मग मिश्रणाची पद्धत ‘ओव्हरले’ केली की मधला राखाडी काहीच करत नाही, रेघा खालच्या फोटोत उतरतात. फार वाटलं तर पदराची अपारदर्शकता कमी करायची. आकाश आणि कोरा दगड पदराच्या मास्कमध्ये (हा मास्क वेगळा, पदराचा नको तो भाग झाकणारा) काळा रंग फासून वगळायचा. खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो, तुमच्या कामात तर ते हवंच. फोटोशॉप आणि गिंप या फोटो सुधारायच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये हे जमतं.

प्रतिसाद

‘उठाव’ला माझा ठाम विरोध आहे. एरवी शब्द सुंदर आहे, पण तुमचं टिपण वीरगळांचं आहे आणि वीरगळ हे स्वतःच उठावशिल्प. ‘खालच्या चौकटीतल्या योद्ध्याला उठाव कमी आहे’ असं आपण दगडाबद्दल लिहितो. उद्या नोंदीत कुणी लिहिलं, ‘उठाव चांगला’, तर तो पाथरवटाचा की फिल्टरचा? सकाळच्या तिरप्या उन्हात जो दिसतो तो दगडाचा उठाव. त्याच्यासाठी तो शब्द राखून ठेवा.

मूळ लेखिका

हे पटलं आणि माझ्या लक्षात कसं आलं नाही याचं वाईटही वाटलं. उठाव दगडालाच राहू दे. ‘पदर’ आणि ‘खळं’ घेतले, ‘अस्पष्ट पडदा’ही. बोलताना सगळे ‘शार्प’च म्हणतील, ते मी खोडणार नाही. पान आता असं सुरू होतं:

“फोटोला धार लावण्यापूर्वी पातं आहे का ते पाहा. फोटो हललेला किंवा आउट असेल तर पुन्हा जाऊन, ऊन तिरपं असताना काढा. धार नेहमी वेगळ्या पदरावर लावा. अक्षराला खळं पडलं तर त्रिज्या कमी करा. वाचन मात्र धार न लावलेल्या मूळ फोटोवरूनच करा आणि फोटोला धार लावली असेल तर नोंदीत तसं लिहा.”

शेवटच्या वाक्यासाठी नोंदवहीत ‘धार: होय / नाही’ असा रकाना टाकतेय.