स्लमडॉग मिलियनेअरला आठ ऑस्कर, खरंच तेवढा चांगला होता का?

सायनची_माहेरवाशीण:
काल रात्री मुलाने लॅपटॉपवर स्लमडॉग मिलियनेअर लावला, तो कॉलेजला आहे, त्याने पहिल्यांदाच बघितला. संपल्यावर मला म्हणाला आई तू तर धारावीच्या बाजूलाच वाढलीस ना, असं होतं का तिथे? आणि मला धड उत्तरच देता येईना. माझं माहेर सायनचं, धारावी म्हणजे रस्ता ओलांडला की आली. शाळेची बॅग तिथली, बाबांच्या चपला तिथल्या, दिवाळीच्या पणत्या आई नव्वद फुटी रस्त्यावरच्या कुंभारवाड्यातूनच आणायची. गल्लीत पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घातलेले असायचे, चामड्याचा वास आणि भट्टीचा धूर, कुठेतरी शिलाई मशीनचा आवाज. म्हणजे मला आठवते ती धारावी सकाळपासून कामाला लागलेली असते. सिनेमात काम करणारं कोणी दिसतच नाही हो, भीक, दंगल, पोरांचे डोळे काढणारी टोळी, आणि तो संडासच्या खड्ड्यात उडी मारायचा सीन. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आठ ऑस्कर? २००९ मध्ये आपण सगळे रहमानच्या आनंदात होतो त्यामुळे तेव्हा कोणी नीट बोललंच नाही असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

पुणे_३०:
ताई, आठ बक्षिसं एका वस्तूला मिळालेली नाहीत, ती वेगवेगळी बघायला हवीत. संकलन, छायाचित्रण, साउंड ही तिन्ही माझ्या मते शंभर टक्के योग्य. त्या अरुंद बोळांतून पोरांच्या मागे धावायला त्यांनी छोटे डिजिटल कॅमेरे वापरले, बराचसा डिजिटलवर शूट झालेल्या सिनेमाला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळायची ती पहिलीच वेळ. आणि साउंड मिक्सिंगवाल्या तिघांत रसूल पुकुट्टी होता, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, एफटीआयआयमध्ये शिकलेला. मुंबईच्या रस्त्यावर लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करणं म्हणजे काय असतं हे ज्याने एकदा तरी केलंय त्याला विचारा, हॉर्न, लाउडस्पीकर, बघ्यांची गर्दी, त्यातून मुलांचं बोलणं स्वच्छ काढायचं. मी स्वतः छोट्या शूटवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरलाय म्हणून हे मनापासून सांगतोय. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र नाही.

गिरणगाव_आजोबा:
मला तुमचं दोघांचं पूर्ण पटत नाही. अहो तो सिनेमा म्हणजे सरळ परीकथा आहे, करोडपतीच्या प्रश्नमंजूषेतला प्रत्येक प्रश्न पोराच्या आयुष्यातून येतो, असं कुठे घडतं का? विकास स्वरूप यांच्या मूळ कादंबरीची कल्पनाच ती आहे. परीकथेत राक्षस असणारच, तिथे पापडवाल्या बाया कशा येतील. आणि गरिबीवर बक्षीस ही नवी गोष्ट थोडीच आहे. आपल्या जयवंत दळवींच्या 'चक्र'वर १९८१ साली सिनेमा आला, झोपडपट्टीचाच, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण बिबट्या हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा देशाची बदनामी झाली असं आमच्या चाळीत कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. परदेशी माणसाने कॅमेरा लावला की लगेच आपल्याला लागतं. नावावर मात्र माझाही राग आहे. झोपडीत राहणाऱ्याला कुत्रा म्हणायचं हे चूकच, त्यावरून मुंबईत आणि पाटण्यात निदर्शनं झाली ती बरोबरच होती.

मनीषा_ठाणे:
आजोबा परीकथा मान्य, पण परीकथेतही माणूस आपल्या भाषेत बोलतो. सिनेमाचा नायक जमाल लहानपणी हिंदी बोलतो तोपर्यंत मी त्या सिनेमात पूर्ण बुडालेली होते, ती पोरं अगदी खरी वाटतात. आगगाडीच्या प्रसंगानंतर तीच पोरं मोठी होऊन इंग्रजी बोलायला लागतात आणि तिथून पुढे मला फक्त ॲक्टर दिसले. पोरांचे संवाद हिंदीत करण्यात लवलीन टंडन यांचा मोठा वाटा, भारतातल्या सहदिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आहे, पण दिग्दर्शनाचं नामांकन एकट्या डॅनी बॉयलला. सिनेमाचा जो भाग सगळ्यात चांगला आहे तो ज्यांनी उभा केला त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे हो?

आणि तुलना करायचीच तर १९८८ चा 'सलाम बॉम्बे' बघा. मीरा नायर यांनी रस्त्यावरच्या मुलांना घेऊन आधी वर्कशॉप घेतलं, मग त्याच मुलांबरोबर कामाठीपुऱ्यात शूट केलं. त्यात पोरगा चहा पोचवतो, पाचशे रुपये जमवायची त्याची धडपड चालते, म्हणजे ताई म्हणतात ते काम त्यात आहे. शेवटी काही हाती लागत नाही त्याच्या, नुसता रडतो, तो चेहरा मी आजही विसरले नाहीये. त्यालाही ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं नाही. सिनेमानंतर सलाम बालक ट्रस्ट निघाला आणि तो रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतो.

पुणे_३०:
स्लमडॉगवाल्यांनीही मुलांसाठी ट्रस्ट केला होता, शिक्षणासाठी आणि घरासाठी, हेही सांगायला पाहिजे.

मनीषा_ठाणे:
हो केला होता. पण ऑस्करनंतर तीनच महिन्यांत, मे २००९ मध्ये, त्यातल्या एका लहान कलाकाराची वांद्र्यातली झोपडी तोडली गेली. मी तो फोटो पेपरात पाहिला होता. तेव्हा माझा मुलगा त्याच्याएवढाच होता म्हणून असेल, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सायनची_माहेरवाशीण:
मनीषाताई, हे मी विसरलेच होते. आजोबा तुमचं परीकथेचं मला बरंचसं पटलं, पण मग बाहेरच्या देशात कित्येक लोकांनी तो भारताचं खरं चित्र म्हणून पाहिला त्याचं काय. माझ्या बहिणीला न्यू जर्सीत ऑफिसमध्ये विचारलं होतं, तुमच्याकडे असंच असतं का. अगदी माझ्या मुलाचाच प्रश्न.

एक अजून. शेवटचा नाच सीएसटीच्या फलाटावर आहे. आपल्याकडे सिनेमा २३ जानेवारी २००९ ला लागला, म्हणजे २६/११ ला दोन महिनेही झाले नव्हते. मी थेटरात बघितला तेव्हा सगळे शिट्ट्या मारत होते आणि मला तो फलाट बघवत नव्हता, माझा चुलत भाऊ त्या रात्री साडेआठच्या लोकलने तिथूनच निघाला होता. त्यामुळे माझं मत या सिनेमाबद्दल कधी सरळ होणारच नाही बहुतेक. मुलाला रविवारी सलाम बॉम्बे दाखवते, आणि चक्र कुठे बघायला मिळेल ते कोणाला माहीत असेल तर सांगा.

गिरणगाव_आजोबा:
सिनेमा मिळेपर्यंत दळवींचं पुस्तक वाचायला द्या त्याला. लायब्ररीत नक्की मिळेल.