मदत हवी आहे : कुकरात एकत्र लावलं की डाळ कच्ची, भात गचका, भाजीचा लगदा

रानजाई
संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून ताटं वाढेपर्यंत हाताशी जेमतेम ४० मिनिटं असतात. म्हणून डाळ, भात, भाजी तिन्ही एका कुकरात डबे लावून करते. हल्ली रोज तेच. डाळ दाताखाली येते, भात गचका होतो आणि भाजी चमच्याने खायची वेळ येते. शिट्ट्या वाढवल्या तर डाळ थोडी सुधारते, पण बाकी दोन्हींचा पार गाळ. आधी पाच शिट्ट्यांत सगळं नीट व्हायचं. किती शिट्ट्या करू तेवढं सांगा. बाहेरून मागवा आणि नवीन उपकरण घ्या, हे दोन सल्ले नकोत. उत्तर आजच हवंय.

तेजा
कुठली डाळ? भिजवता का? किती माणसांचं? कुकर किती लिटरचा? भाजी कोणती, तुकडे केवढे? नुसत्या "डाळ"वरून शिट्ट्या कशा सांगणार? मसूर डाळ आणि हरभरा डाळ यांच्या वेळेत दुपटीचा फरक आहे.

रानजाई
चार माणसं, पाच लिटर. हरभरा डाळ, कधी अख्खे मसूर. भाजी जी असेल ती, फ्लॉवर, गाजर, बटाटा. तुकडे नेहमीसारखे. भिजवायला वेळ कुठून आणू?

कढईबहाद्दर
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, स्लो कुकर हा तुमच्या अडचणीवरचा खरा उपाय आहे. सकाळी निघताना राजमा, पाणी, कांदा घालून बटण दाबायचं. संध्याकाळी तयार. शिट्टी नाही, लक्ष ठेवणं नाही.

मृण्मयी_क
कढईबहाद्दर, हा सल्ला कृपया असा अर्धवट देऊ नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो नष्ट व्हायला राजमा खळखळ उकळावा लागतो. स्लो कुकरच्या मंद तापमानात तो टिकून राहतो, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. उलट्या, जुलाब काही तासांत सुरू होतात. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळायचा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालायचा. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवला तर हा प्रश्न येत नाही.

कढईबहाद्दर
उकळून घ्यायचा हे मान्य, लिहायला हवं होतं. मसूर-मुगाला तेवढं लागत नाही. पण सोय म्हणून स्लो कुकर चांगलाच आहे यावर मी ठाम आहे.

विसूभाऊ
रानजाई ताई, डाळीचा डबा सगळ्यात खाली ठेवा. तिथे आच थेट लागते. भात मधे, भाजी वर. वर आच कमी पोचते म्हणून भाजी टिकते.

रानजाई
तसंच ठेवते. तरी हे होतंय.

अभ्यासू
विसूभाऊ, कुकरातली हवा पूर्ण निघून गेली की आत फक्त वाफ उरते आणि तिचं तापमान वर-खाली सारखंच असतं, पूर्ण दाबाला साधारण १२१ अंश. खालचा डबा पाण्यात बसतो म्हणून थोडा आधी तापतो, एवढाच फरक. खरा फरक पडतो तो डब्यात पदार्थ किती खोल भरलाय याने. काठोकाठ भरलेल्या डाळीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. तीच डाळ पसरट डब्यात दोन बोटं उंचीची लावली तर लवकर शिजते.

आणि हवा निघणं महत्त्वाचं. शिट्टी आधीच बसवू नका. नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार यायला लागली की मग बसवा. हवा आत अडकली तर दाब आला असं वाटतं, पण तापमान कमी राहतं.

रानजाई, "आधी नीट व्हायचं" म्हणता. मग मधे काय बदललं?

रानजाई
काही बदललं नाही. गॅसच्या जागी इंडक्शन आलंय एवढंच. कुकर तोच, डबे तेच. आणि हल्ली डाळीत टोमॅटो घालूनच लावते, नंतर परतत बसायला नको.

तेजा
एवढंच? अहो ताई, ही दोन्ही कारणं तुम्ही शेवटी सांगताय!

अभ्यासू
आता चित्र स्पष्ट झालं. एकेक बघू.

इंडक्शनवर मोठ्या वॉटला कुकर फार पटकन तापतो आणि शिट्ट्या भराभर होतात. गॅसवर पाच शिट्ट्या व्हायला जितका वेळ लागायचा त्याच्या बऱ्याच आत इथे पाच होऊन जातात. शिट्टी हे वेळेचं माप नाहीच. जास्तीची वाफ बाहेर पडली एवढंच ती सांगते. त्यामुळे मोजायची ती मिनिटं. पहिली शिट्टी झाली की वॉट कमी करा, इतके की बारीक सुसू आवाज चालू राहील आणि शिट्टी क्वचितच होईल. तिथून घड्याळ लावा. डब्यात शिजवताना लागणारा वेळ असा:

मूग डाळ, मसूर डाळ: ६ मिनिटं.
पांढरा तांदूळ: ५ ते ६.
अख्खे मसूर, न भिजवलेले: १२.
हरभरा डाळ, तासभर भिजवलेली: १२. न भिजवता २० धरा.
मध्यम बटाटा, अख्खा: १२. अर्धा केलेला: ६ ते ८.
फ्लॉवर, गाजराचे बारीक तुकडे: कुकरात घालूच नका.

डाळ जुनी असेल तर दोन-चार मिनिटं जास्त. हे सगळं आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू देण्याच्या हिशोबाने आहे. ती दहाएक मिनिटंही शिजण्यातच जातात.

हे बघितलं की अडचण उघड दिसते. न भिजवलेल्या हरभरा डाळीला २० मिनिटं लागतात आणि शेजारच्या भाताला ६. कितीही शिट्ट्या केल्या तरी दोन्ही एकदम जमणार नाही. जोडी वेळेवरून लावायची. मसूर डाळ, पांढरा तांदूळ, अर्धे केलेले बटाटे: ६ मिनिटं आणि दाब उतरेपर्यंत थांबणं. दुसरी जोडी: भिजवलेली हरभरा डाळ, भिजवलेला बिनसडीचा (ब्राउन) तांदूळ, अख्खे बटाटे किंवा बीट: १५ मिनिटं. यात डाळ थोडी मऊ होईल, चालतं.

टोमॅटोचं नंतर लिहितो.

विसूभाऊ
टोमॅटोने काय होतंय? डाळ न शिजण्याचं खरं कारण मीठ. मीठ आधी घातलं की दाणा कडक होतो. मीठ कायम शिजल्यावर.

मृण्मयी_क
विसूभाऊ, हे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, पण उलट आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कडधान्य लवकर मऊ होतं आणि साल कमी फुटते. दाण्याच्या सालीतलं पेक्टिन (पेशींना एकत्र चिकटवून ठेवणारा घटक) कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट धरलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल होते. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, रात्रभर. ते पाणी ओतायचं, दाणे धुवायचे.

खरा अडथळा आंबट पदार्थांचा. टोमॅटो, लिंबू, दही काहीही असो, आम्लात पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं, कारण त्यात कॅल्शियम असतं. अशा वेळी आरओ यंत्राचं पाणी वापरा.

विसूभाऊ
पाण्याचं पटलं. मिठाचं पटत नाही.

मृण्मयी_क
दोन वाट्यांत सारखे छोले घ्या, एकीत मीठ, एकीत नाही, रात्रभर भिजवा. एकाच कुकरात शेजारी शेजारी लावा आणि एकेक दाणा दाबून बघा.

केदार_पी
सोडा घाला की. चिमूटभर सोड्याने सगळं शिजतं, एवढी चर्चा कशाला.

अभ्यासू
शिजतं, पण हात आवरायला हवा. भिजवण्याच्या पाण्यात एक वाटी कडधान्याला छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा पुरे. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, दाणा बाहेरून विरघळतो आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. साध्या डाळींना गरजच नाही. जुने छोले असतील तर वापरा.

टोमॅटोचं: डाळ पूर्ण शिजल्यावर घालायचा. वेगळं परतायला वेळ नाही म्हणता, तर दाब उतरायला जी दहा मिनिटं लागतात त्यात कढईत कांदा-टोमॅटो परतून होतो. त्याच वेळात दुसऱ्या शेगडीवर फ्लॉवर. पसरट पॅन कडकडीत तापवून तेल, फ्लॉवर, मीठ, तीन चमचे पाणी, झाकण, पाच मिनिटं. झाकण काढून दोन मिनिटं मोठ्या आचेवर. लगदा होत नाही.

रानजाई
दाब उतरायची वाट कोण बघतं? कुकर नळाखाली धरते, लगेच उघडतो.

तेजा
ताई, हेही आत्ता सांगताय. नळाखाली धरला की दाब एकदम पडतो. डब्यातलं पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं, ते त्या क्षणी जोरात उकळतं. डाळ फेसाळून वर येते, नळीत अडकते, आणि भाताची शितं फुटून खळ वर येते. तुमचा भात गचका होण्यामागे हेही एक कारण आहे. डाळीत एक चमचा तेल घाला म्हणजे फेस कमी येईल. आणि डाळीचा डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

सुमेधा
कुकर आतून काळा पडत असेल तर तळातल्या पाण्यात लिंबाची फोड टाका. ॲल्युमिनियमचा असेल तर नक्की फरक पडतो.

रानजाई
काळा पडत नाहीये. स्टीलचा आहे.

केदार_पी
स्टील आणि इंडक्शन असेल तर तळ जाड आहे ना बघा. पातळ तळावर मधोमध करपतं.

तेजा
डब्यांनी लावताना करपायला तळात पाणीच असतं हो. फक्त ते पुरेसं हवं. पाच लिटरला दीड-दोन वाट्या. १५ मिनिटं चालवायचं असेल तर अडीच. तळ कोरडा पडला की रिंग जळते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो.

मृण्मयी_क
मूळ अडचण वेळेची आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहिते. रोज संध्याकाळी शून्यापासून सुरुवात करू नका.

भिजवायला वेळ लागत नाही, आठवण लागते. सकाळी निघताना डाळीवर पाणी ओतून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. उकाड्यात बाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबते. विसरलात तर घरी आल्याआल्या उकळतं पाणी ओतून २५ मिनिटं झाकून ठेवा. तासाभराचं काम बरंचसं होतं, पण तुमच्या ४० मिनिटांतली बरीचशी जातात, त्या दिवशी मसूर डाळच लावा.

सुट्टीच्या दिवशी एक किलो कांदा पातळ चिरून, पाव वाटी तेल आणि अर्धा चमचा मिठावर मध्यम आचेवर २५-३० मिनिटं परता. मीठ सुरुवातीलाच घाला म्हणजे पाणी सुटतं आणि कांदा एकसारखा शिजतो. पातेलं रुंद हवं, उभट पातेल्यात कांदा वाफवतो, परतला जात नाही. कडा तपकिरी व्हायला लागल्या की अर्धा किलो टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठले की पिशवीत काढा. चार माणसांच्या डाळीला चार-पाच ठोकळे. शिजलेल्या गरम डाळीत टाका, पाच मिनिटं उकळा, झालं.

छोले, राजमा एकदम पाऊण किलो शिजवून चार पिशव्यांत, शिजवलेलं थोडं पाणी घालून, चपट्या गोठवा. चपटी पिशवी गरम पाण्यात दहा मिनिटांत सुटते, गोळा करून ठेवलेली अर्धा तास घेते. बटाटा मात्र गोठवू नका. पाणी सुटून रवाळ होतो.

केदार_पी
भातही रविवारी करून ठेवा मग. आठवडाभर.

मृण्मयी_क
फ्रिजमध्ये आठवडाभर अजिबात नको. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. करायचाच तर ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच आणि वाफा येईपर्यंत गरम करा. जास्त दिवस हवा तर गार झाल्याबरोबर फ्रीझरमध्ये.

विसूभाऊ
एवढं करण्यापेक्षा तांदूळ आणि मसूर डाळ एकाच भांड्यात लावा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, साडेतीन वाट्या पाणी, थेट कुकरात ६ मिनिटं. डबे नाहीत, भांडी कमी.

तेजा
विसूभाऊंचं हे मात्र खरं. दमलेल्या दिवशी सगळ्यात सोपं. फक्त कुकर अर्ध्याच्या वर भरू नका.

रानजाई
आज मसूर डाळ, भात, अर्धे बटाटे लावले. पहिल्या शिट्टीनंतर ६ मिनिटं, नळाखाली धरला नाही. टोमॅटो नंतर. फ्लॉवर पॅनवर. डाळ एकदम मऊ, बटाटे नीट, फ्लॉवर अख्खा राहिला. भात अजून चिकट आहे. पाणी कमी करू?

तेजा
डब्यावर झाकण ठेवता का? तांदूळ किती, पाणी किती?

रानजाई
दीड वाटी तांदूळ, साडेतीन वाट्या पाणी. झाकण नाही.

अभ्यासू
दोन्ही बदला. उघड्या डब्यात वाफेचं पाणी ठिबकतं, म्हणजे तुम्ही मोजलंय त्याहून जास्त आत जातं. झाकण किंवा ताटली ठेवा. दीड वाटीला पावणेतीन वाट्या पाणी. तांदूळ तीनदा धुऊन २० मिनिटं भिजवलेला असेल तर अडीच. उघडल्यावर डबा लगेच बाहेर काढा, काट्याने हलक्या हाताने मोकळा करा आणि पाच मिनिटं उघडा ठेवा.

रानजाई
उद्या करून सांगते.