एसडीएलसीचे (सॉफ्टवेअर बनवायच्या कामाचे) टप्पे फक्त पेपरात लिहायला? मग हे वाचा

अक्कलकोट रोड:
परवा ‘डायरेक्ट कोड’ या नावानं लिहिणाऱ्यांनी इथं फोरमवर लिहिलं, की रिक्वायरमेंट (गिऱ्हाइकाला काय हवं ते लिहून घेणं), डिझाईन, टेस्टिंग हे टप्पे फक्त परीक्षेपुरते. सोलापुरात गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट दाखवलं तर तो चहा पाजून वाटेला लावतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून कोडिंग सुरू करा. खाली पोरांनी ‘बरोबर बोललात’ म्हणून रांग लावली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२०१९ साली एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम घेतलं. मालक म्हणाले, ‘बिलिंग आणि स्टॉक पायजे, बाकी काही नको.’ तिसऱ्या दिवशी स्क्रीन दाखवला, मालक खूश. चार महिन्यांनी दिवाणजी पहिल्यांदा त्या स्क्रीनसमोर बसले आणि विचारलं, ‘यात किलो कुठंय?’ सूत येतं किलोवर, विणकराची मजुरी नगावर, विक्री डझनावर, आणि एका पार्टीला माल जातो परत किलोवर. माझ्या डेटाबेसच्या तक्त्यात एकच एकक होतं, नग! सगळा डेटाबेस उचकटला. आठ महिने गेले. दुसरा हप्ता मिळाला नाही आणि मागायला मला तोंडही नव्हतं. गोदामवाला, जॉबर (मागांची देखभाल करणारा), पॅकिंगच्या बायका आणि दिवाणजी, या चौघांजवळ दोन दिवस बसलो असतो तर हे टळलं असतं.

डायरेक्ट कोड:
काका, तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं. पण तुम्ही मालकालाच विचारत बसलात, दिवाणजीला स्क्रीन दाखवायला चार महिने लावलेत, त्यात कोडिंगचा काय दोष? मी आठवड्याला दाखवतो. दिवाणजी पहिल्याच शनिवारी ‘किलो कुठंय’ म्हणाले असते.

आणि एकामागून एक टप्पे दाखवणाऱ्या ज्या पायरी-पायरीच्या ‘वॉटरफॉल’ आकृतीची तुम्ही पूजा करायलात ना, ती अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनिअर विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या लेखातली. त्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. आकृती काढून लगेच खाली त्यानंच लिहिलंय, की असं सरळसोट केलं तर धोका आहे, अपयश ओढवून घ्याल. कॉलेजात आकृती शिकवतात, खालचा परिच्छेद शिकवत नाहीत.

प्रोजेक्ट गाईड:
मी शिकवतो, आणि तो परिच्छेदही शिकवतो. रॉइसनं त्यावर उपाय काय सांगितला तेही लिहा की. कोडिंगच्या आधी प्राथमिक डिझाईन करा, कागदपत्रं नीट ठेवा, पहिल्यांदाच बनवत असाल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा, टेस्टिंगचं नियोजन करा, गिऱ्हाइकाला सामील करून घ्या. टप्पे फेकून द्या असं तो कुठंही म्हणत नाही. २००१ चा अजाइलचा (थोडं थोडं बनवून दाखवत जायच्या पद्धतीचा) जाहीरनामा, अमेरिकेत युटात जमलेल्या १७ जणांचा, तोही म्हणत नाही. डॉक्युमेंटपेक्षा चालतं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, एवढंच त्यांचं म्हणणं. डॉक्युमेंटला मोल नाही असं नव्हे.

आमच्याकडे दरवर्षी पोरं तयार प्रोजेक्ट विकत आणतात आणि आदल्या रात्री उलट्या दिशेनं डीएफडी (माहिती कुठून कुठं जाते त्याची आकृती) काढतात. त्यांना या असल्या पोस्टी आयत्या सापडतात, याचा मला राग आहे.

लूमवाला:
मी सॉफ्टवेअरमधला नाही, माझे बारा माग आहेत. पण एक सांगतो. चादरीचं डिझाईन आधी ग्राफच्या कागदावर उतरतं, मग जॅकार्डचे (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचे) पत्ते पंच होतात, मग माग. पत्त्यात एक भोक चुकलं तर ती चूक प्रत्येक चादरीवर येते. म्हणून कागद आधी.

डायरेक्ट कोड:
आणि पत्ते लावले की एकदम हजार चादरी विणता का? आधी सॅम्पल काढता की! मी तेच म्हणायलोय.

लूमवाला:
सॅम्पल काढतो, खरं आहे. पत्ता चुकला तर बदलतो, दिवसाचं काम. पण ताणा (मागावरचे उभे धागे) चुकला तर? बीम (ताण्याचा रूळ) चढलंय, एकेक धागा फणीतून ओवून झालाय, तिथं सॅम्पल बघून काय करणार? सगळं कापून काढायचं. काकांचं ते किलो-नगाचं प्रकरण ताण्याचं आहे, पत्त्याचं नाही.

आता विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. तुमचा शेवटचा टप्पा, मेंटेनन्स, तो कोण करतं? चादरी-टॉवेलला हजार रुपये नगाच्या आत ५ टक्के जीएसटी होता, वर १२. २०२५ साली २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ती हद्द अडीच हजारांवर गेली आणि वरचा दर १८ झाला. ज्या पोरानं सॉफ्टवेअर केलं तो पुण्यात नोकरीला लागलेला. फोन उचलेना. दिवाळीच्या मालाची बिलं आम्ही हातानं लिहिली.

टेस्टिंगवाली:
तो आकडा कोडमध्ये जागोजागी लिहून ठेवला असणार. दर सेटिंगमध्ये ठेवा, हा डिझाईनचा निर्णय आहे, मेंटेनन्सचा नाही. ‘हद्द बदलली तर काय’ हा प्रश्न टेस्टर विचारतो. पण इथं टेस्टर ठेवतंय कोण? ‘मालकच बघतील चालवून’ हे मी तीन ठिकाणी ऐकलंय.

डायरेक्ट कोड:
लूमवाले मामा, एएमसी (वर्षाच्या देखभालीची फी) भरली होती का?

लूमवाला:
सॉफ्टवेअरचे पैसे दिलेत की. परत दरवर्षी कशाचे?

डायरेक्ट कोड:
मागाला तेल, सुटे भाग, जॉबरचा पगार लागतो की नाही? तिथं विचारता का ‘माग विकत घेतलाय, परत कशाचे’? रात्री दहाला फोन, ‘एवढं एक बटण टाक बे.’ दोन वर्षं फुकट बटणं टाकली मी. तो पोरगा पुण्याला का गेला, हे जरा स्वतःला विचारा!

लूमवाला:
आवाज खाली. सोर्स कोड तरी देऊन जायचा होता. दुसऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, एक कागद नाही, काही समजत नाही, नवीनच करू.

अक्कलकोट रोड:
बघा, कागद नव्हता. मी तेच सांगत होतो. पण एएमसीबद्दल हा डायरेक्ट कोड खोटं बोलत नाही, मामा. माझेही दोन मालक असेच सुटले. आणि दर आठवड्याला दाखवायला हवं होतं, हे मान्य करतो. ते मी केलं नाही. तरी ताणा तो ताणाच, तो दाखवत दाखवत बदलत नाहीत.

डायरेक्ट कोड:
ताण्याचं पटलं. पण ते सगळ्याच गोष्टींना लागू होतं, हे पटलं नाही. सोमवारी होटगी रोडला नवीन गिऱ्हाइकाकडे जायचंय, त्यांचंही सूत किलोवर येतं. चौघांना काय काय विचारायचं, ते इथं टाका, काका. विचारून येतो. साठ पानांचं डॉक्युमेंट मात्र मी करणार नाही.

अक्कलकोट रोड:
दोन पानं पुरतात. रात्री टाकतो. दिवाणजींना सगळ्यात शेवटी भेट आणि त्यांची जुनी वही उघडायला लाव.