खुंटाकडे पण बघा की जरा
वर कोणीतरी म्हटलंय की द्राक्षाची जात चांगली असली की झालं, खाली मूळ, म्हणजे ज्यावर कलम करतात तो खुंट, कुठला का असेना. मला तर अगदी उलटं वाटतं. आपण खातो ती बहुतेक द्राक्षं व्हिटिस व्हिनिफेरा या प्रजातीची, चवीला तोड नाही पण मुळं नाजूक, फायलोक्सेरा नावाची बारीकशी कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि १८६० नंतर फ्रान्समधल्या बागाच्या बागा वाळल्या, शेवटी उपाय काय तर अमेरिकन जंगली वेलींच्या खुंटावर कलम! या अमेरिकन वेलींतही फरक आहेतच, रिपारिया नावाच्या वेलीची मुळं उथळ पसरतात म्हणून पाण्याचा ताण सोसत नाही, रुपेस्ट्रिसची खोल जातात, बर्लंडिएरी चुनखडीच्या जमिनीत टिकते पण तिच्या काडीला मुळं फुटता फुटत नाहीत, म्हणून तर रुपेस्ट्रिस आणि बर्लंडिएरी या दोघींचे ११० आर नावाच्या खुंटासारखे संकर आले. लाब्रुस्का ही आणखी एक अमेरिकन वेल, कॉनकॉर्ड नावाची द्राक्षं तिच्यातलीच, थंडी छान सोसते, साल गरापासून पटकन सुटते, वास मात्र सगळ्यांना झेपत नाही (मला आवडतो, असो).

आणि हो, थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात लावणार असाल तर फार आखूड छाटू नका, बुडाकडच्या डोळ्यांतून घड कमी निघतात, काडी लांबच ठेवा.