सहावीतला मुलगा वर्गात चिडून बाक ढकलतो, काय करावं?

प्रश्न (फोंडा, गोवा): आठवड्यातून तीन-चार वेळा असं होतं. पालकांना बोलावून, वर्गाबाहेर उभं करून फरक नाही. शाळेच्या पातळीवर नेमकं काय करता येईल?

उत्तर १: बाई, बाहेर उभं करणं आधी थांबवा. लेखन टाळण्यासाठी तो चिडत असेल, तर बाहेर जाणं हे त्याला बक्षीसच ठरतं. दोन आठवडे वहीत तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. वेळ आणि तास लिहायला विसरू नका. बहुतेकदा एकच विषय किंवा मधल्या सुट्टीनंतरचा तास वर येतो. तिथेच बदल करा: दहा गणितांऐवजी चार, आणि 'थोडं थांबतो' हे सांगायला एक कार्ड. कार्ड दाखवलं की पाच मिनिटं ठरलेल्या जागी, मग परत कामाला. सुरुवातीला वागणं थोडं बिघडू शकतं; तिथेच बरेच शिक्षक उपाय सोडून देतात. सोडू नका!

उत्तर २: भडका उडाल्यावर समजावू नका, त्या क्षणी काही ऐकू जात नाही. आवाज खाली, वाक्य छोटं, बाकीची मुलं दूर. शाळेत समुपदेशक येत असतील तर वही त्यांना दाखवा. झोप, भूक, ऐकू येणं, वाचनातली अडचण हेही तपासून घ्या. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर वाट न पाहता बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.