निर्वासित की घुसखोर? रोहिंग्यांची बातमी देशोदेशी

नौपाड्याचा वाचक: ठाण्यातले जुने घर रिकामे करताना सप्टेंबर २०१७ मधील कात्रणांचे पाकीट सापडले. एका मराठी दैनिकाने म्यानमारच्या रखाइन प्रांतातील रोहिंग्या या ज्या मुस्लिम समाजाला एका दिवशी ‘निर्वासित’ म्हटले होते, त्यालाच चार दिवसांनी ‘घुसखोर’ म्हटले होते. पहिल्या बातमीत ही माणसे म्यानमारच्या लष्करी कारवाईतून पळून सीमेवरची नाफ नदी ओलांडून बांगलादेशात जात होती आणि दुसरीत ती भारतात राहत होती, एवढाच काय तो फरक. म्यानमारची सरकारी वृत्तपत्रे त्यांना ‘बंगाली’ म्हणतात, म्हणजे १९८२ च्या कायद्याने नाकारलेले नागरिकत्व प्रत्येक बातमीत पुन्हा नाकारले जाते. आँग सान स्यू की यांच्या सरकारने २०१६ मध्ये ‘रखाइनमधील मुस्लिम समाज’ असे म्हणण्याची सूचना केली. बांगलादेशाचे सरकार ‘बळाने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ असे लिहिते. त्यात निर्वासितांचे हक्क मान्य करावे लागत नाहीत, पण ही माणसे म्यानमारची आहेत हे मात्र ठसते. माझ्या मते समाज स्वतःला ज्या नावाने ओळखतो, तेच नाव बातमीत यावे, आणि देश बदलला म्हणून त्यापुढचे विशेषण बदलू नये.

वाशीकर: ‘रोहिंग्या’ या नावाला माझी हरकत नाही, विशेषणाविषयीच्या आग्रहाला आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्या नागरिकत्व कायद्यात २००३ पासून ‘अवैध स्थलांतरित’ याची व्याख्या आहे. पत्रकाराने देशाच्या कायद्याला धरून लिहिले तर त्याला आकस म्हणता येणार नाही. शिवाय पाश्चात्त्य माध्यमे काय गाळतात, हेही पाहावे. आर्सा या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने २५ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे ३० पोलीस चौक्यांवर हल्ले केले. अनेक वृत्तांतांत त्यांची एका ओळीत बोळवण झाली. रखाइनमधल्याच खा माउंग सेक परिसरातील हिंदूंच्या हत्याकांडाची बातमी भारतीय दैनिकांनी त्याच सप्टेंबरमध्ये ठळकपणे दिली. त्याबद्दल आर्साला जबाबदार धरणारा ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचा अहवाल मे २०१८ मध्ये आला.

नेरूळची अनुवादिका: अनेक वर्षे वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचे काम केले आहे, म्हणून दोघांनाही विरोध करते. आपण नामे आणि विशेषणे मोजत आहात, पण खरा पक्षपात क्रियापदात असतो. रखाइनमधील गावे ‘जळाली’, ‘जाळण्यात आली’ की ‘सैनिकांनी जाळली’? रोहिंग्यांनी आपली घरे स्वतःच पेटवली, असा म्यानमारच्या अधिकाऱ्यांचा दावा होता. अशा वेळी ‘जळाली’ लिहिणारा उपसंपादक, त्याला कळो वा न कळो, त्या दाव्याला वाट करून देतो. वा लोन आणि क्याव सो ऊ या रॉयटर्सच्या दोन पत्रकारांनी इन दिन गावात १० रोहिंग्या पुरुषांना कोणी मारले, याचा छायाचित्रांसह शोध घेतला, म्हणजेच वाक्याचा कर्ता शोधला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना अटक झाली, पुढे ७ वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०१९ मध्ये सुटका झाली. नाव अचूक लिहून कर्ता गाळणारी बातमी मला अधिक घातक वाटते.

नौपाड्याचा वाचक: वाशीकर, कायद्यातला शब्द ‘अवैध स्थलांतरित’ आहे; ‘घुसखोर’ ही भर पत्रकाराची आहे आणि तिच्यात हेतूचा आरोप दडलेला आहे. गोष्ट २५ ऑगस्टपासून सुरू केली की १९७८ मध्ये पळालेले सुमारे २ लाख आणि १९९१-९२ मधले सुमारे अडीच लाख लोक वाचकाला दिसतच नाहीत. हिंदू गावकऱ्यांबाबत मात्र आपले बरोबर आहे. माझ्या पाकिटात त्यांच्याविषयी एकही कात्रण नाही, आणि ते मीच कापून ठेवले नव्हते.

वाशीकर: १९७८ चा मुद्दा मान्य आहे. तरीही ज्या देशाचा वाचक आहे, त्या देशाच्या कायद्याचा संदर्भ बातमीत आलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. ‘घुसखोर’ ऐवजी कायद्यातलाच शब्द वापरावा, एवढी दुरुस्ती करतो.

नौपाड्याचा वाचक: अनुवादिकाबाईंचे वाचून पाकीट पुन्हा उघडले. बहुतेक कात्रणांत गावे ‘जाळण्यात आली’ आहेत. ती कोणी जाळली, हे एकाच कात्रणात आहे, आणि तेही शेवटच्या परिच्छेदात.