खोबरेलाचा साबण हात कोरडे का करतो?

प्रश्न : अकरावी सायन्स. कॉलेजच्या मेळ्यात साबण विकायचाय. ५०० ग्रॅम खोबरेलाला ९२ ग्रॅम कॉस्टिक सोडा घेतला. फेस मस्त, पण हात कोरडे पडतात. वड्याही कापताना फुटल्या.

उत्तर १ : हिशेब बरोबर आहे, तोच नडला. ग्रॅमभर खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे सगळं तेल संपलं. नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचेचंही तेल ओढतो. थोडं तेल साबणात उरावं म्हणून सोडा २० टक्के कमी कर : ७३ ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. उसळून अंगावर येतं. गॉगल, हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, हायड्रोजन सुटतो.

उत्तर २ : दुसऱ्या दिवशी कापल्यास ना? तोवर दगड होतो. घट्ट पण कोमट असतानाच सुरी लाव. मग चार आठवडे वाळव. पाणी उडून वजन घटतं, म्हणून लेबलवरचं वजन शेवटी.

उत्तर ३ : विक्रीचं मात्र थांबव. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो, विकायला बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. मेळ्यात प्रयोग मांड, तेल-सोड्याच्या तक्त्यासकट.